घाटातून आलेला संगणक आणि काळी स्क्रीन

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. मुंबईकडून निघालेला माल मनोर-विक्रमगडमार्गे वर चढतो, नाशिककडचा त्र्यंबकेश्वर सोडून तोरंगण घाटातून मोखाड्याला उतरतो, कसारा-इगतपुरीकडचा खोडाळ्यावरून येतो. कुठूनही आला तरी वळणं, खड्डे आणि दोन-तीन ठिकाणी गाडी बदलणं चुकत नाही. मोठ्या ट्रकमधून टेम्पोत, टेम्पोतून जीपमध्ये, असं करत खोकं एकदाचं शाळेत, सेवा केंद्रात किंवा घरी पोहोचतं. जोडणी होते, बटण दाबलं जातं, पंखा फिरतो आणि स्क्रीन मात्र काळीच राहते.

त्यावर पहिला निकाल ठरलेला असतो: ‘डिस्प्ले गेला.’ हा निकाल बरेचदा चुकीचा निघतो. हादऱ्यांनी काच फुटते हे खरं, पण त्याहून जास्त वेळा काहीतरी नुसतं निसटलेलं असतं. कधी रॅमची पट्टी खाचेतून अर्धी वर आलेली असते, कधी ग्राफिक कार्ड सैल झालेलं असतं, तर कधी केबलची एखादी पिन वाकलेली असते. अशा वेळी नवा पॅनल मागवणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शिवाय दुरुस्तीसाठी नाशिक किंवा पालघर गाठायचं तर अख्खा दिवस जातो आणि परतीच्या वाटेवर तेच हादरे पुन्हा बसतात. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे इथेच, आपल्या टेबलावर ठरवता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारी हत्यारं फार नाहीत: एक चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मोबाइलची टॉर्च, एक जास्तीची एचडीएमआय केबल आणि शक्य असेल तर चालू स्थितीतला दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही.

पार्सल हातात घेताना

दोष शोधण्याचं काम खोकं फोडण्याआधीच सुरू होतं. खोक्याचे कोपरे दबलेत का, ओल आलीय का, चिकटपट्टी पुन्हा लावल्यासारखी दिसते का, हे आधी बघा. हलकेच हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली तर काहीतरी सुटलेलं आहे हे नक्की. खोक्याला नुकसान दिसत असेल तर पोचपावतीवर नुसती सही करू नका. ‘खोकं दबलेल्या अवस्थेत मिळालं, आतला माल तपासलेला नाही’ असं लिहून सही करा आणि त्या पावतीचा फोटो काढा. पोचपावती मोबाइलवर असेल आणि शेरा लिहायला जागा नसेल, तर डिलिव्हरी देणारी व्यक्ती समोर असतानाच खोक्याचे फोटो घ्या आणि त्याच दिवशी विक्रेत्याला ईमेल पाठवा.

खोकं उघडताना व्हिडिओ घ्या. सुरुवात पत्त्याच्या चिठ्ठीपासून करा, मग सहाही बाजू, मग पट्टी कापणं, मग आतलं थर्माकोल, शेवटी यंत्राचा अनुक्रमांक. व्हिडिओ मध्ये तोडू नका. रेंज नसली तरी हरकत नाही, मोबाइलमध्ये साठवून ठेवा आणि नेट मिळाल्यावर पाठवा. थर्माकोल, पिशव्या, खोकं यातलं काहीही चुलीत घालू नका. माल परत पाठवायची वेळ आली तर तेच पॅकिंग लागतं.

लगेच बटण दाबू नका

जूनपासून पुढचे महिने या डोंगरात हवा ओलीगच्च असते. ताडपत्रीखालून आलेल्या खोक्यात दमटपणा शिरलेला असतो आणि थंड यंत्र उबदार खोलीत आणलं की त्याच्यावर पाणी धरतं. ओल्या सर्किटला वीज दिली तर जे बिघडलेलं नव्हतं तेही बिघडतं. पावसाळ्यात यंत्र खोक्याबाहेर काढून निदान काही तास कोरड्या खोलीत ठेवा. खोकं प्रत्यक्ष भिजलेलं असेल तर पूर्ण दिवस पंख्याखाली ठेवा. उन्हात तापवणं किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा मारणं टाळा, त्याने प्लास्टिक वाकतं आणि पॅनलचे थर सुटतात.

दरम्यान बाहेरून नजर टाका. स्क्रीनवर टॉर्च तिरकी धरली की बारीक चीर दिसते. सीपीयूच्या डब्याच्या मागे जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या यंत्रांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लाल रंगाचा छोटा सरकता खटका असतो, त्यावर 115 आणि 230 असे आकडे असतात. शाळांना देणगीत मिळालेल्या जुन्या संचांवर तो हमखास दिसतो. तो 230 वरच असला पाहिजे. 115 वर राहिला आणि आपल्याकडची वीज दिली तर एसएमपीएस तिथल्या तिथे उडतो.

चार संशयित

स्क्रीन काळी असण्याची कारणं चार ठिकाणी शोधायची: वीज, मॉनिटर, केबल आणि सीपीयू. क्रम हाच ठेवा, कारण सोपं आणि फुकट तपासता येणारं आधी येतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, सॉकेट आणि मॉनिटर एकदम बदलले आणि चित्र आलं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

विजेपासून सुरू करा. त्याच सॉकेटवर दुसरं काही चालतंय का ते बघा. वादळी पावसात व्होल्टेज खाली असेल तर मॉनिटरचा दिवा लुकलुकतो आणि विझतो, हा यंत्राचा दोष नव्हे. यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटवर एकदा लावून बघा. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

मॉनिटर एकटा तपासा

मॉनिटरच्या सगळ्या केबल काढा, फक्त विजेची ठेवा आणि चालू करा. ‘नो सिग्नल’, ‘चेक केबल’ असं काही उमटलं किंवा कंपनीचं नाव चमकून गेलं तर पॅनल आणि त्याच्यामागचा दिवा दोन्ही शाबूत आहेत. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि तो सगळ्या स्क्रीनवर सरळ, स्वच्छ दिसतो का ते बघा. मेनूवरही उभ्या-आडव्या रेषा असतील तर दोष मॉनिटरमध्येच आहे, सीपीयू खोलायची गरज नाही. मेनू स्वच्छ असेल आणि संगणकाचं चित्र तेवढं खराब असेल तर मॉनिटर निर्दोष, पुढे जा.

काहीच दिसत नसेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च स्क्रीनला टेकवून तिरकी धरा. पुसट अक्षरं दिसली तर पॅनलवर चित्र येतंय, फक्त मागचा प्रकाश गेला आहे. ही दुरुस्ती कारागिराची, पण निदान तुमच्या हाती आलेलं असतं आणि ‘पूर्ण पॅनल बदलावा लागेल’ असं कुणी म्हटलं तर विचारायला प्रश्नही हाती असतो.

फुटलेला पॅनल ओळखायला वेळ लागत नाही. शाई सांडल्यासारखा काळा-जांभळा डाग, त्यातून पसरलेल्या रेषा आणि दिवसागणिक वाढत जाणारा डाग, ही त्याची लक्षणं. बाहेरची काच सुखरूप दिसत असली तरी आतला थर फुटलेला असू शकतो. असा पॅनल दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. लहान मॉनिटरच्या बाबतीत पॅनलची किंमत आणि मजुरी मिळून नव्याच्या जवळ जाते, तेव्हा आधी हिशेब करा. डागावर दाब देऊन बघू नका. आतला द्रव बाहेर आलाच तर हाताला लागू देऊ नका. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये मागच्या प्रकाशासाठी पारा असलेल्या बारीक नळ्या असतात. असे मॉनिटर फोडू नका, जाळू नका, भंगारवाल्याला किलोवर विकू नका. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्या.

केबल काय सांगते

नव्या संचात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चुकीच्या जागी लावलेली केबल. सीपीयूला वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर मागच्या बाजूला दोन ठिकाणी एचडीएमआयची खाच दिसते: एक वर मदरबोर्डची, एक खाली आडव्या पट्टीतली कार्डाची. केबल कार्डाच्या खाचेत लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांच्यात चित्र देण्याची सोय नसते, तिथे वरच्या खाचेतून कधीच चित्र येणार नाही. केबलच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी काढली आहे ना, मॉनिटरच्या मेनूत ‘सोर्स’ बरोबर निवडला आहे ना, हेही बघून घ्या.

शाळांमधल्या जुन्या मॉनिटरना अजून निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. तिच्यात पाच-पाचच्या तीन ओळींत 15 पिनांची जागा असते आणि वाहतुकीत ती खोक्याच्या कडेला दाबली गेली की एखादी पिन वाकते. ही केबल आपला दोष रंगातून सांगते. चित्र पिवळं पडलं असेल तर निळ्या रंगाची, म्हणजे 3 क्रमांकाची पिन जोडली जात नाही. चित्र गुलाबी-जांभळट असेल तर हिरव्याची, 2 क्रमांकाची. निळसर-हिरवट असेल तर लाल रंगाची, 1 क्रमांकाची. 13 आणि 14 क्रमांकाच्या पिना चित्र जागेवर धरून ठेवतात. त्या गेल्या की चित्र पळतं किंवा येतच नाही. मधल्या ओळीतली 9 क्रमांकाची पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते, ती जागा रिकामी दिसली म्हणून केबल फेकून देऊ नका. वाकलेली पिन शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलच्या पोकळ टोकात अडकवून हळूच सरळ करता येते. घाई केली तर ती तुटते.

सीपीयू खोलण्याआधी

मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरल्या की सीपीयूकडे वळा, पण आधी झाकण बंद असतानाच ऐका आणि बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? विंडोज सुरू होतानाचा आवाज येतो का? तसं होत असेल तर संगणक जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. संशय मग ग्राफिक कार्ड किंवा त्याच्या खाचेवर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तेवढ्यानेही काही वेळा चित्र येतं.

बटण दाबल्यावर काहीच हालचाल नसेल तर वीजपुरवठा किंवा एसएमपीएसच्या जोडण्या तपासायच्या. पंखे फिरतात, पण कॅप्स लॉक हलत नाही, तर बहुधा रॅम सैल आहे. चालू होऊन काही सेकंदांतच बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा सुटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, प्रोसेसर तापतो. आतून बीप ऐकू येत असतील तर मोजा. सतत येणारे लांब बीप सहसा रॅमचे, एक लांब आणि त्यामागून दोन-तीन आखूड असतील तर सहसा ग्राफिक कार्डाचे. कंपनीनुसार अर्थ बदलतो, त्यामुळे मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करा. नव्या मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं असलेले चार छोटे दिवे असतात. यंत्र जिथे अडकतं त्या नावाजवळचा दिवा लागून राहतो.

इथे थांबून एक निर्णय घ्या. संच नवा आहे, वॉरंटीत आहे आणि झाकणावर सील आहे, तर ते तोडू नका. आत्तापर्यंतच्या निरीक्षणांची नोंद आणि व्हिडिओ घेऊन विक्रेत्याला कळवा आणि पुढे काय करायचं ते त्याच्याकडून लेखी घ्या. ‘तुम्हीच उघडून बघा’ असं त्याने फोनवर सांगितलं तरी ते व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर मागून घ्या. देणगीतला किंवा वॉरंटी संपलेला संच असेल तर खुशाल खोला.

झाकण काढल्यावर

विजेची केबल काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा अंगावरची स्थिर वीज रॅम मारू शकते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, केबल काढल्यानंतरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठलेली असते.

हात लावण्याआधी एक फोटो काढा. मग तळाशी पडलेला स्क्रू आहे का बघा. मदरबोर्डखाली अडकलेला एकच स्क्रू अख्खा संच शॉर्ट करू शकतो. प्रोसेसरवरचा पंखा हलवून बघा. इंटेलसोबत येणारा पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो आणि हादऱ्यांनी एखादी खुंटी वर येते. पंखा पूर्ण निघाला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय बसवू नका.

रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा कोऱ्या खोडरबराने हलकेच घासा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके ‘टक’ असा आवाज करून बसेपर्यंत सरळ दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे पट्टी खराब की खाच, हे कळतं. त्यानंतर ग्राफिक कार्ड. ते जड असतं आणि डबा उभा ठेवून वाहतूक केली तर त्याचं सगळं वजन खाचेवर लोंबकळतं. मागचा स्क्रू काढा, खाचेच्या टोकाचा खटका दाबा, कार्ड काढा आणि खाचेत तडा गेलाय का ते टॉर्चने बघा. कार्ड पुन्हा नीट बसवा आणि त्याला वेगळी वीज लागत असेल तर ती केबल जोडा. प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्र देण्याची सोय असेल तर कार्ड बाहेर ठेवून मदरबोर्डच्या खाचेतून चित्र येतं का ते तपासा. आलं, तर दोष कार्डात किंवा त्याच्या खाचेत सापडला.

मदरबोर्डला एसएमपीएसकडून येणारी 24 पिनांची रुंद जोडणी आणि प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची जोडणी, दोन्ही शेवटपर्यंत दाबा. दुसरी विसरली जाते आणि तेव्हा पंखे फिरतात पण चित्र येत नाही. नाण्याएवढा सीआर 2032 सेल जागेवर आहे का, हेही बघा.

लॅपटॉप असेल तर

आधी चार्जर काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा चालू करा. त्यानंतर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि विंडोज व पी ही बटणं दाबा. टीव्हीवर चित्र नीट आलं तर मदरबोर्ड चांगला, दोष पॅनल किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पातळ केबलमध्ये. झाकण हळूहळू पुढे-मागे करताना रेषा येत-जात असतील तर केबल. काहीच फरक पडत नसेल तर पॅनल. डेल लॅपटॉपमध्ये डी हे अक्षर दाबून धरून चालू करायचं बटण दाबलं की पॅनलवर एकापाठोपाठ पूर्ण रंग दिसतात. रेषा तिथेही दिसल्या तर दोष विंडोजचा नाही.

आणखी एक सोपी युक्ती: रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. त्यातही रेषा असतील तर दोष ग्राफिकमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर पॅनल किंवा केबल. हा पुरावा तक्रारीतही कामी येतो.

तक्रार कुठे, कधी

ऑनलाइन खरेदीत विक्री करणाऱ्या पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असं 2020चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुंबई किंवा बंगळूरला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. स्वतः बसून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ‘आपण धंदा करतो, आपण ग्राहक कुठे’ असं समजू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच धरली जाते.

माल ट्रान्सपोर्टने मागवला असेल तर बिल्टी जपून ठेवा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही. बिल्टीवर मालाची किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. सरकारी खरेदीतून माल आला असेल तर मुख्याध्यापकांनी स्वीकृती प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येक संच जोडून चालवून बघावा. खोकी मोजून सही केली की पुढची भांडणं आपल्या माथी येतात.

परत पाठवताना

संच दुरुस्तीला पाठवायचाच असेल तर ग्राफिक कार्ड काढून वेगळं बांधा. डबा आडवा ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली येईल असा, म्हणजे पंख्याचं वजन ओढण्याऐवजी दाबून बसतं. मॉनिटर मूळ थर्माकोलात, उभाच ठेवा. स्क्रीनसमोर पुठ्ठ्याची सपाट पाटी द्या आणि केबल किंवा चार्जर स्क्रीनच्या बाजूला ठेवू नका. आत प्लास्टिक, बाहेर ताडपत्री हवीच.

जव्हार-मोखाड्यातल्या प्रत्येक शाळेने आणि सेवा केंद्राने एक जास्तीची केबल, एक स्क्रू ड्रायव्हर आणि नोंदवही संगणकाशेजारी ठेवावी. वहीत तारीख, काय दिसलं, काय बदललं आणि काय झालं एवढंच लिहावं. कारागीर आला की आधी ती वही त्याच्या हातात द्या आणि पॅनल बदलायचं बोलणं त्यानंतर काढा.